ओळखीची मुलगी

रसायनशास्त्राच्या बाईंनी कागदावर दहापैकी पाच असे गुण मांडले आणि शेजारी बसलेल्या प्राचार्यांना सहज दिसतील अशा बेताने कागद जरा पुढे सरकवला. मुलगी नुकतीच दार ओढून घेऊन बाहेर गेली होती.

प्रवेश मिळालेल्यांपैकी वरचे काही विद्यार्थी मुलाखतीला बोलावले होते. दर शाखेत एकालाच पूर्ण फीमाफीची गुणवत्ता शिष्यवृत्ती मिळायची. प्रवेश परीक्षेच्या गुणांत तिघा परीक्षकांचे गुण मिळवायचे, की झाला निकाल. परीक्षक म्हणून प्राचार्य, संस्थेचे एक वयस्कर विश्वस्त आणि बाई बसल्या होत्या. उमेदवार नात्यातला असेल तर आधी सांगावं, असा नियम होता. आत्ता बाहेर गेलेली मुंगी काही बाईंच्या नात्यातली नव्हती. खालच्या मजल्यावरच्या कंडक्टरबाईंची ती लेक. आईची ड्यूटी संपेपर्यंत बाईंच्या जेवणाच्या टेबलावर अभ्यास करत ती लहानाची मोठी झाली होती. मुंगी हे नावही बाईंनीच ठेवलेलं. पण नातं नव्हतं, म्हणून बाई गप्प राहिल्या होत्या.

मुलाखतीत मुंगीनं एकदाही ‘काकू’ म्हटलं नाही. सगळ्यांसारखं ‘मॅडम’ म्हणत राहिली. विश्वस्तांनी विचारलं, मेणबत्तीत जळतं काय, वात की मेण?

“मेणाची वाफ,” मुंगी म्हणाली. “मेणबत्ती फुंकली की पांढरा धूर निघतो ना, त्याला वरच्या वर पेटती काडी लावायची. ज्योत टुणकन उडी मारून खाली वातीवर येते. धुरात मेण नसतं तर कशी आली असती?”

“वा! हे कुणी शिकवलं?”

“कुणी नाही. लाइट गेली होती.”

विश्वस्त खो खो हसले. मुंगीनं आनंदानं बाईंकडे पाहिलं. बाईंना मात्र त्या क्षणी दिसली ती स्टाफरूम. शेजारच्या पोरीकडून घोटवून घेतलं, म्हणतील. इतकी वर्षं नाकासमोर चालून मिळवलेलं नाव एका दुपारी जाईल. त्यांनी मान वर केली नाही. समोरच्या कोऱ्या कागदावर उगाच एक रेघ ओढली आणि “ठीक आहे, या,” एवढंच म्हणाल्या.

यादी लागली. शिष्यवृत्ती एका दुसऱ्याच मुलाला मिळाली. मुंगीची थोडक्यात हुकली.

त्या संध्याकाळी कंडक्टरबाई गणवेशातच वर आल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“बाई, तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटते. तुम्ही एवढं केलंत तिच्यासाठी, आणि ऐन वेळी पोरीनं माती खाल्ली. तुमच्यासमोर चुकीचं उत्तर दिलंन् म्हणे.”

“असं म्हणाली ती?”

“तीच म्हणाली. आता पुलापलीकडच्या कॉलेजात घालते. साधंच आहे, पण झेपेल आम्हाला. तुम्ही मात्र राग धरू नका.”

कंडक्टरबाई जिना उतरून गेल्या, तरी बाई दाराची कडी हातात धरून उभ्या होत्या.

सकाळी कॉलेजात पोचताच त्या प्राचार्यांच्या खोलीत शिरल्या.

“सर, त्या मुलीला मी कमी गुण दिले. माझ्या घरी येते, म्हणून. पक्षपात झाला असं कुणी म्हणू नये, म्हणून.”

प्राचार्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“तुमचा घरोबा मला ठाऊक होता. तुम्ही बोलला नाहीत, मीही बोललो नाही. मी आठ देणार होतो. मग तुमचे पाच दिसले. म्हटलं, जी बाई या पोरीला आतून-बाहेरून ओळखते तीच हात आखडता घेते, म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय. मी सहावर आलो.”

“पाणी कुठेच मुरत नव्हतं, सर.”

“ते आता कळतंय. पण ज्याला मिळाली त्या मुलाचं काय चुकलं? त्याच्याकडून काढून घेऊ?”

बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्या मुलाला त्यांनीच आठ दिले होते, आणि ते योग्यच होते.

संध्याकाळी त्या स्वतःच्या घरी न जाता खालच्याच मजल्यावर थांबल्या. दार उघडंच होतं. कंडक्टरबाई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या आणि मुंगी जमिनीवर बसून जुन्या दप्तराचा तुटलेला बंद शिवत होती. बाई उंबऱ्याच्या आत आल्या आणि उभ्यानंच बोलून मोकळ्या झाल्या.

“हिचं काही चुकलं नव्हतं. उत्तर बरोबर होतं. सगळ्यांपेक्षा चांगलं होतं. मी मुद्दाम कमी गुण दिले. लोक काय म्हणतील म्हणून भ्याले.”

कंडक्टरबाईंच्या हातातली घडी अर्धीच राहिली. मुंगी उठून उभी राहिली.

“बरोबर होतं?”

“हो.”

“खरंच, काकू?” मुंगीचा चेहरा एकदम फुलला. “तुम्ही मान वर केली नाहीत, तेव्हाच वाटलं, गेलं. मग घरी येऊन परत करून पाहिलं. दर वेळी ज्योत खाली यायची. पण म्हटलं, काकूंना पटलं नाही म्हणजे मलाच नीट दिसत नसणार.”

बाई बोलणी खायची तयारी करून आल्या होत्या. या हसऱ्या चेहऱ्यापुढे कसं उभं राहायचं, ते त्यांना कळेना.

“आई, ऐकलंस ना? बरोबर होतं!”

“ऐकलं,” कंडक्टरबाई म्हणाल्या. त्या बाईंकडे बघत होत्या, आणि लेकीचा आनंद ओसरायची वाट बघत होत्या.