चापावरचं बोट

तीन महिन्यांत दोनदा भरदुपारी दुकान लुटलं गेलं, तेव्हा दादारावांनी पिस्तूल घ्यायचं ठरवलं. निवड मात्र बायकोवर, अंजनावर सोपवली. अमेरिकेतल्या फ्रिस्को शहराच्या पलीकडे नवऱ्यासोबत गॅस स्टेशनचं दुकान चालवणारी ही बाई एके काळी नागपूर पोलिसांत होती. शस्त्रागारात नऊ वर्षं तिने दुसऱ्यांची हत्यारं पुसली होती. ते सगळं मागे राहिलं, असं तिला वाटत होतं.

बंदुकांच्या दुकानात विक्रेत्याने काउंटरवर दोन पिस्तुलं ठेवली. एक जुन्या धाटणीचं, अख्खं पोलादी, लष्कराने कैक वर्षं वापरलेलं, सात गोळ्यांचं. दुसरं हल्लीचे पोलीस बाळगतात तसलं, प्लास्टिकच्या सांगाड्याचं, हलकं, सतरा गोळ्यांचं. तो बोलत होता ते दादारावांशीच. बायकांना हलकंच बरं, असंही त्याने सांगून टाकलं.

अंजनाने दोन्ही तिथल्याच नेमबाजीच्या रेंजवर चालवून पाहिली. जुन्याची वरची सरकती स्लाइड मागे ओढताना मनगटातून कळ गेली. नवं सहज ओढलं गेलं, नेमही लागला. तिला कुठलंही चाललं असतं. घरी जाऊन पडायचं होतं फक्त.

मग दादारावांनी नवं उचललं आणि त्यांचं बोट थेट चापावर गेलं. अंजनाने ते बाजूला केलं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही. दुसऱ्या लुटीनंतर त्यांचे हात इतके कापत होते, की पोलिसांना फोन तिलाच लावावा लागला होता. या नव्याला चाप अडवून धरणारा वेगळा खटका नव्हता; चाप दाबला की गोळी सुटणार. जुन्याला तो होता.

"जुनं घेऊ," ती म्हणाली.

"अगं, पण यात सतरा गोळ्या आहेत."

"मला एकीचीच भीती वाटते. तुमच्या हातून चुकून सुटेल तिची."

दादारावांनी नवं परत ठेवलं आणि जुन्याचे पैसे दिले.

दर रविवारी ती रिकाम्या पिस्तुलावर त्यांची तालीम घेऊ लागली. स्वतःच्या दुखऱ्या मनगटाला क्रेप बँडेज बांधून. बोट हळूहळू ऐकू लागलं.

एका दुपारी टोपी पुढे ओढलेला एक तरुण आत आला. दादारावांचा हात पिस्तुलाच्या खणात गेला. तरुणाने दुधाचा कॅन काउंटरवर ठेवला, पैसे दिले आणि निघून गेला. दादारावांनी खणातून रिकामा हात बाहेर काढला आणि ते स्टुलावर बसले.

"विकून टाकू हे दुकान," ते म्हणाले. "थकलो मी."

"मीही," अंजना म्हणाली.

त्याच आठवड्यात दुकान विक्रीला निघालं. गिऱ्हाईक मिळेपर्यंत दोघं आळीपाळीने काउंटरला बसत राहिली.