वारुळाचं वळण

पोहऱ्याच्या जंगलात विपुलनं सायकलची वाट काढली तेव्हा तिला कुणाची परवानगी नव्हती, आणि ती मागायची अक्कलही कुणाला नव्हती. कॉलेजातली चार टाळकी रविवारी उजाडता उजाडता अमरावतीहून गिअरच्या सायकलींवर निघायची, चांदूर रेल्वेच्या रस्त्यानं टेकडीपाशी यायची आणि टिकास-फावडी घेऊन उतारावर माती ओढत बसायची. पावसाळ्यात तरोट्याचं रान सगळी वाट गिळून टाकायचं, दिवाळीत ही मंडळी ती पुन्हा उकरून काढायची. अभ्यासाला जातो म्हणून घरी सांगितलेलं. चिखलानं भरलेल्या पँटी पाहूनही घरच्यांनी कोणता अभ्यास म्हणून विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

चौघांत प्रणाली एकटी मुलगी आणि हुकूम सगळा तिचा. उताराच्या मधोमध, सायकल सगळ्यात जोरात सुटते नेमकं तिथंच, कमरेएवढं वारूळ होतं. ते सपाट केलं की वाट सरळ खाली. विपुलनं टिकास उचललंही होतं. प्रणाली आडवी येऊन उभी राहिली.

"याले हात लावशील तर पाहून घेईन. माय पंचमीले वारूळ पुजते अन् मी फोडू देऊ का? वाट फिरव तुयी."

वाट फिरली. सुसाट येणाऱ्याला तिथं करकचून ब्रेक मारावा लागे, आणि बाकीचे दोघं प्रणालीच्या नावानं बोटं मोडत. विपुल मोडत नसे. त्या वळणावर तिची सायकल मंदावायची आणि मागून येणाऱ्या विपुलला तिचा चेहरा घटकाभर बाजूनं दिसायचा. तेवढ्यावर गड्याचा आठवडा निघायचा. बोलू बोलू म्हणता तिनं पुण्याची नोकरी धरली, मग लग्न केलं, आणि याचं बोलणं राहूनच गेलं. आहेर मात्र भरघोस केला.

पुढं बाकीचे दोघंही पांगले. विपुल वडिलांच्या कृषी केंद्रात गल्ल्यावर बसला, बियाणं आणि फवारणीची औषधं विकू लागला. पण रविवारची वाट त्यानं सोडली नाही. वनरक्षक देवीदासनं त्याला बरेचदा पकडलं, फावडं जप्त केलं, दम भरला. नंतर नंतर दम कमी झाला आणि विपुलच्या थर्मासातला चहा वाढला. शेवटी वरूनच फर्मान आलं की पर्यटनासाठी जंगलात सायकलची वाट हवी. देवीदासनं सांगितलं, आयती तयार आहे. काल ज्याला हाकलत होते त्याला आज मानानं बोलावणं गेलं.

विपुल हरखला, पण सरकारी शाबासकीचं त्याला काडीचं कौतुक नव्हतं. परवानगी मिळाली म्हणजे उद्घाटन होणार, आणि उद्घाटन म्हणजे प्रणालीला ये म्हणायला एक रीतसर कारण. इतक्या वर्षांत त्याला दुसरं कारण सापडलं नव्हतं.

पाहणीला आलेल्या वनखात्याच्या साहेबांना वाट पसंत पडली. फक्त त्या वळणावर ते थांबले. वाळवी केव्हाच उठून गेली होती, वारूळ पावसापाण्यात विरघळलं होतं, आणि वाट मोकळ्या गवताला वळसा घालून चालली होती. मधे काही नाही तर सरळ करून टाका, साहेब म्हणाले. दुकानात दिवसभर बियाण्याच्या कंपनीवाल्यांना हो जी हो जी करणारा विपुल इथं मात्र अडून बसला. सरळ केली तर पाणी जोरानं उतरेल, माती कापून नेईल, वळणानं पाण्याचा जोर मोडतो, असं त्यानं समजावलं. त्यात खोटं काही नव्हतं, पण खरं कारण ते नव्हे. साहेबांनी मान्य केलं आणि दगड लावायचं काम त्याच्याच गळ्यात टाकलं.

वैशाखाच्या उन्हात विपुल दगड वाहत होता. देवीदास सावलीतून पाहत होता.

"पान्यासाठीच करून राहिला ना भाऊ येवढं?"

विपुल दगड नीट बसतोय का, तेच पाहत राहिला.

दिवाळीत उद्घाटन झालं. प्रणाली माहेरी आलीच होती, ती आली. नवरा आणि लेक खाली गाडीपाशी थांबले. विपुलनं आपली सायकल तिला दिली आणि स्वतः दुसरी घेऊन मागं राहिला. वळणावर ती थांबेल. गवताकडं पाहील. ठेवलंस का रे, एवढंच म्हणेल. बाकी काही नको होतं त्याला, आणि एवढं मात्र जिवापाड हवं होतं.

वळणावर तिनं ब्रेक दाबला, मागचं चाक घसरलं, पाय टेकून ती थांबली. तिनं गवताकडं पाहिलं. विपुलही मागं येऊन थांबला.

"काय रे, मधात तर काहीच नाही. सारी स्पीड मेली न. कोन्या येड्यानं काढलं हे वळण?"

घामानं कपाळाला चिकटलेली बट, बाजूनं दिसणारा तोच चेहरा. सांगितलं असतं तर तिला आठवलं असतं, ती हसली असती, कदाचित तिचे डोळेही भरले असते. मग ती खाली गाडीकडं गेली असती आणि त्याच्यापाशी सांगायचंही काही उरलं नसतं.

"मीच," विपुल म्हणाला.

ती हसली, पॅडलवर पाय दिला आणि उतारावर सुटली. विपुल मागोमाग गेला नाही. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला तरी तो तिथंच उभा होता, आणि काही कारण नसताना त्याला वाटत होतं की ती पुन्हा वर येईल.