फाटकापाशी उमटलेला डाग

मी बोलतेय ती चाकाच्या आतून. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातली ब्रेकची चकती मी. लोखंडाची, ताटाएवढी. माझ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही आणि त्याचं मला काही वाटतही नाही. तसं मला फारसं काही वाटतच नाही.

जन्म भट्टीत झाला म्हणतात. मला आठवतो तो नंतरचा खोका आणि गंज चढू नये म्हणून अंगाला चोपडलेलं तेल. किती काळ पडून होते कोण जाणे. एके दिवशी मेकॅनिकने खोका फोडला, मला खसाखसा पुसलं आणि जाग्यावर बसवलं. दोन्ही बाजूंना नवे कोरे ब्रेकपॅड आले. पेडल दाबलं की दोघांनी मला आवळायचं, एवढंच आमचं नातं.

माझ्या आधीची चकती फरशीवर पडली होती, गंजून पापुद्रे सुटलेली.

"गाडी जागची हललेली दिसत नाही," मेकॅनिक म्हणाला.

"आई गेल्यापासून बाबांनी किल्लीला हात लावला नाही," लेक म्हणाली. "मीच शेवटी म्हटलं, एकतर चालवा, नाहीतर गाडी विकू आणि तुम्ही चला माझ्याकडे."

बाबा खाली वाकून जुन्या चकतीचे पापुद्रे बोटाने खरवडत राहिले. मला तो माणूस बरा वाटला.

"काका, नवे ब्रेक रुळवावे लागतात," मेकॅनिकने समजावलं. "मोकळ्या रस्त्यावर वेग घ्या, ब्रेक दाबून कमी करा, पुन्हा घ्या. जळका वास येईल, येऊ द्या. पण गरम असताना गाडी उभी करून पेडल दाबून धरायचं नाही. पॅड तिथंच चिकटतो, चकतीवर डाग पडतो. मग कायमची थरथर."

"बरं," बाबा म्हणाले.

लेक शेजारी बसली आणि आम्ही निघालो. वेग, दाब, वेग, दाब. पॅडचा पातळ थर माझ्या अंगावर सगळीकडे सारखा बसत गेला. मी चांगलीच तापले.

"हात बसलेलाच आहे की तुमचा," लेक म्हणाली. बाबांनी गिअर बदलला. चालवत होते, पण सांगितलेलं काम उरकावं तसे.

परतताना वाटेत टपाल कचेरी लागली. सुटायची वेळ होती. बाबांनी गाडी फाटकापाशी घेतली आणि उभी केली. पाय ब्रेकवरच.

"बाबा, इथे कशाला..." लेक म्हणाली आणि तिची नजर फाटकाकडे गेली.

तिची आई याच कचेरीत कामाला होती. रोज लगबगीने बाहेर यायची, म्हणून बाबा इंजिनही बंद करायचे नाहीत, ब्रेकवर पाय ठेवून वाट बघायचे. इतक्या वर्षांची सवय. पायाला कोणी सांगितलं नव्हतं की आता कोणी येणार नाही.

माणसं बाहेर पडली, पांगली. शिपायाने फाटकाला कुलूप लावलं. तोवर पॅड माझ्या अंगाला चिकटला होता. दुखलं का? नाही. मला कळलं, इतकंच.

"पाय काढा बाबा," लेक हळूच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने एक फेरी मारली आणि कपाळाला हात लावला. "एवढं सांगूनही कुठेतरी दाबून धरलंत ना? घासून द्यावी लागेल चकती."

"धोका आहे?" बाबांनी विचारलं.

"तसा धोका नाही. पण दर वेळी पायाला जाणवेल."

बाबांनी किल्ली मागून घेतली. "जाणवू दे," म्हणाले. "बरेच दिवस काहीच जाणवत नव्हतं."

तेव्हापासून बाबा रोज गाडी काढतात. विकायचा विषय लेकीने पुन्हा काढलेला नाही. ब्रेक दाबला की एवढीशी थरथर मी त्यांच्या पायापर्यंत पोचवते. त्याहून जास्त मला काही येत नाही.

पुढेमागे मीही झिजेन आणि फरशीवर पडेन. त्याचं काही नाही. फक्त माझ्या जागी नवी चकती आली की बाबांना फाटकापाशी एकदा थांबू द्या. मेकॅनिकला सांगू नका.