छत्र्यांच्या यादीखाली

आमच्या विद्यापीठाचं साप्ताहिक वार्तापत्र दर सोमवारी अकरा वाजता निघतं. ते मी काढते. एकोणीस वर्षं झाली. सगळ्यांच्या मेलवर जातं, शिवाय चाळीस प्रती छापून फलकांवर लागतात. वाचतं कोण, हे मला विचारू नका. परीक्षेच्या अर्जाची मुदत संपली की पोरं माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहतात आणि म्हणतात, आम्हाला कुणी कळवलंच नाही. मी तीन आठवड्यांचे तीन अंक त्यांच्यापुढे ठेवते. मग ती म्हणतात, हे कुठे असतं?

कामाची पद्धत आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मागच्या आठवड्याचा अंक उघडायचा आणि त्याच्यावरच नवीन मजकूर टाकत जायचं. पहिल्या तीन पानांवर कुलगुरूंच्या बैठका, मुदतवाढी, व्याख्यानं, निवृत्ती. ती पानं उपकुलसचिवांकडे सहीला जातात. त्यांना आम्ही आपसांत कात्री म्हणतो. चौथ्या पानावर 'कायम सूचना' आणि 'हरवले-सापडले'. हे पानही पूर्वी सहीला जायचं. एकदा कात्री वैतागले. "बाई, आता छत्र्या आणि डब्यांवरही मी सह्या करत बसू का?" तेव्हापासून चौथं पान सहीविना जातं.

त्या पानाला एकच नियम आहे. एकदा आलेली सूचना संबंधितांचं लेखी पत्र आल्याशिवाय काढायची नाही. मी एकदा माझ्या मनाने एक काढली, तर हातात मेमो पडला. त्यानंतर मी कशालाच हात लावत नाही. पोहण्याचा तलाव दुरुस्तीनिमित्त बंद राहील, असं आम्ही सहा वर्षं कळवतोय. तलाव कधीच बुजवला, तिथे आता गाड्या लागतात. पण क्रीडा विभागाने पत्र दिलेलं नाही आणि मी मागितलेलं नाही. कुणाकुणाच्या मागे लागायचं माणसाने?

'हरवले-सापडले'ची यादी दर शुक्रवारी छत्रीकाका आणून द्यायचे. मुख्य इमारतीच्या दाराला लागून एक खिडकी आहे, तिथे ते बसत. कुठल्याही वर्गात, जिन्यावर, स्वच्छतागृहात काही सापडलं की ते त्यांच्याकडे जमा व्हायचं. चष्मे, डबे, किल्ल्या, एकाच कानातली कुडी, आणि छत्र्या तर विचारू नका. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, चिठ्ठीवर तारीख आणि जागा. यादी सुवाच्य अक्षरात, रेघ मारलेल्या कागदावर. "निळी छत्री, मूठ तुटकी, ग्रंथालय, मंगळवार." अख्ख्या विद्यापीठात मला वेळेवर मजकूर देणारा हा एकच माणूस. विभागप्रमुखांना मी तीन-तीन फोन करते, आणि हे दर शुक्रवारी बरोबर चारला दारात.

एका महिन्याच्या शेवटून दुसऱ्या शुक्रवारी यादी दिल्यावर ते गेले नाहीत. टेबलाची कड धरून उभे राहिले.

"पुढच्या शुक्रवारी माझा शेवटचा दिवस, बाई."

"अहो, काय सांगता? इतक्यात?"

"बावीस वर्षं झाली." मग म्हणाले, "निवृत्तीच्या बातमीत नाव येतं ना?"

"येतं की."

"नाही, घरी ही विचारते. मी दर सोमवारी अंक घरी नेतो. सून वाचून दाखवते तिला. यादी माझी आहे म्हणून सांगतो मी, तर ही म्हणते, मग तुमचं नाव कुठंय? बावीस वर्षं हेच ऐकतोय." ते हसले. "म्हटलं, निवृत्तीला येईल. त्या सोमवारी व्याहीही यायचेत जेवायला."

"येणार, काका. मी आहे ना," मी म्हटलं. शिक्षकेतरांची नावं कधीच येत नाहीत, आणि मी आहे ना म्हणजे मी कोण? पण तोंडून गेलं खरं.

गुरुवारी आस्थापना विभागाकडून निवृत्तांची यादी आली. दोन प्राध्यापक आणि नऊ शिक्षकेतर. मी ती नऊ नावं वरून खाली वाचली. मग खालून वर वाचली. यातले छत्रीकाका कोणते, हे मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं या माणसाची यादी मी शब्दन्‌शब्द टाइप केली आणि त्याचं नाव मला ठाऊक नाही. लाज वाटली. स्वतःचीच लाज वाटली, दुसऱ्या कुणावर ढकलता येईल अशी नव्हती ती.

आस्थापनेतल्या मैत्रिणीला फोन लावला.

"छत्रीकाकांचं नाव काय गं?"

"छत्रीकाका," ती म्हणाली. "थांब हं. अगं, खरंच की. थांब, सेवापुस्तक बघते."

दहा मिनिटांनी तिचा फोन आला. चौथ्या क्रमांकाचं नाव. मी ते कागदावर लिहून काढलं, वडिलांच्या नावासकट, आणि दोनदा मोठ्याने म्हटलं. बाजूच्या टेबलावरच्या बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

नऊच्या नऊ नावं घालून मी मजकूर सहीला पाठवला. तो तासाभरात परत आला. दोन प्राध्यापकांचे फोटो आणि चार-चार ओळी जागेवर होत्या. नऊ नावांवर आडवी लाल रेघ, आणि वर लिहिलेलं: "अन्य नऊ शिक्षकेतर कर्मचारीही निवृत्त झाले."

मी सहसा कात्रींच्या केबिनमध्ये जात नाही. त्या दिवशी गेले.

"सर, नऊ नावं तर आहेत. तीन ओळींत बसतात."

"नेहमी नसतात."

"म्हणूनच म्हणते, या वेळी घालू."

"बाई," त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही थकलेले दिसत होते, आता खोटं कशाला बोला. "या वेळी नऊ घातली, तर पुढच्या महिन्यात चौदा आहेत. मग मागच्या वर्षीचे येतील, आमची का नाहीत म्हणून. मी कुणाकुणाला उत्तरं देऊ?"

हेच वाक्य मी तलावाबद्दल रोज म्हणते. कागद घेऊन परत आले. माझी तीन वर्षं राहिलीयेत, एक मेमो खात्यावर आहे. मी लढणारी बाई नाही. घरी जाऊन पाय पसरून बसावं, एवढीच माझी इच्छा असते.

शुक्रवारी चारला छत्रीकाका आले. शर्टाला इस्त्री होती. कुणीतरी दिलेला गुच्छ काखेत धरून त्यांनी यादी पुढे केली. "तपकिरी पाकीट, रिकामं, कॅन्टीन. काळी छत्री, लहान, जिना क्रमांक दोन." खाली नेहमीप्रमाणे तारीख.

"खिडकीवर आता कोण?" मी विचारलं.

"कुणी सांगितलं नाही. किल्ली आस्थापनेत दिली. चिठ्ठ्या सगळ्या बांधून ठेवल्यात, नव्या माणसाला त्रास नको." मग म्हणाले, "सोमवारी येतंय ना?"

मला खरं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "अकराला निघतो अंक."

शनिवार-रविवार माझ्या डोक्यात तेच. जेवताना ह्यांनी दोनदा विचारलं, काय बिनसलंय. मी म्हटलं, काही नाही, ऑफिसचं. ते म्हणाले, ऑफिसचं म्हणजे काही नाहीच.

सोमवारी साडेदहाला मी मागचा अंक उघडला. पहिली तीन पानं सहीबरहुकूम भरली, "अन्य नऊ" सकट. चौथ्या पानावर आले. काकांची शेवटची यादी टाइप केली. पाकीट, छत्री. दर आठवड्याला यादीखाली एक ओळ असते, चौकशी मुख्य इमारतीच्या खिडकीवर करावी. ती आता खोटी होती. तिथे तर कुणीच नव्हतं. ओळ बदलणं माझं कामच होतं की. मी ती बदलली आणि यादीखालीच 'कायम सूचना' असा मथळा देऊन टाकली:

"हरवलेल्या वस्तूंची चौकशी यापुढे कोणाकडे करावी, हे ठरल्यावर कळवण्यात येईल. बावीस वर्षे हे काम पाहणारे श्री." आणि मग त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. "या महिन्यात निवृत्त झाले. त्यांच्याकडे जमा झालेली प्रत्येक वस्तू तारीख व जागेच्या नोंदीसह जपून ठेवलेली आहे."

अकराला अंक पाठवला आणि एक प्रत लिफाफ्यात घालून, गेटवरून जाणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती काकांच्या घरी धाडली. मग दिवसभर फोन वाजला की तो मी बाजूच्या बाईंना उचलायला लावायचे. कात्री बोलावणार, मेमो येणार, माझी तीन वर्षं कुठल्यातरी गोदामात जाणार. संध्याकाळचे पाच वाजले. कुणी काही म्हणालं नाही. मंगळवारीही नाही. एकोणीस वर्षांत मला पहिल्यांदाच बरं वाटलं, की आपलं पत्रक कुणी वाचत नाही.

खिडकीवर कुणाला नेमायचं, हे अर्थातच ठरलं नाही. पुढच्या सोमवारी मी जुना अंक उघडला, नवीन मजकूर घातला आणि चौथ्या पानाला हात लावला नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाही. तलाव बंद राहिला, काका छापून येत राहिले.

पाचव्या आठवड्यात टेबलावरचा फोन वाजला.

"बाई, मी. छत्र्यांवाला."

"बोला, काका. कसं वाटलं घरी?"

"व्याही म्हणाले, हे छत्र्यांच्या यादीखाली का टाकलंय? मी म्हटलं, वर जागा नव्हती." "हिने सुनेकडून तीनदा वाचून घेतलं. पण बाई, ते अजून येतंय. शेजारी एक लेक्चरर राहतात, त्यांच्याकडून आणवते ही. दर सोमवारी. तुमचं काढायचं राहिलं का?"

"राहिलं नाही. चौथ्या पानावरचं काढायला संबंधितांचं लेखी पत्र लागतं."

"संबंधित म्हणजे?"

"आस्थापना. नाहीतर तुम्ही."

पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं.

"आस्थापना काही देणार नाही," ते म्हणाले.

"नाही देणार."

"मग मीही नाही देत."

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरून आले, ते मी पदराने पुसले. फोन ठेवणार, तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, एक विचारायचं होतं. रागावू नका. घरी ही म्हणते, त्या बाईंचं नाव काय? आणि मला सांगताच येईना. इतकी वर्षं यादी देतोय. सगळे आपलं पत्रकवाल्या बाई म्हणतात. तुमचं नाव काय हो?"

त्या अंकावर कुठेच माझं नाव नसतं. ते कधी घालावं, असं मलाही सुचलं नव्हतं. त्या इमारतीत हे मला शेवटचं कुणी विचारलं होतं, ते आठवेना.

मी सांगायला लागले, तर ते म्हणाले, "थांबा, असं नको. पूर्ण सांगा, लिहून घेतो." मग फोन खाली ठेवल्याचा आवाज आला, आणि कुणाला तरी पेन मागितल्याचा. मी रिसीव्हर कानाला लावून थांबले.