कार्डावर सगळ्यात खाली

हेमावतीचं लग्न झालं ते साल दुष्काळाचं, एकोणीसशे त्र्याहत्तर. सोलापूरच्या बाळीवेशीत मांडव पडला होता, आणि दोन्हीकडचे लोक मुहूर्तापेक्षा पाण्याच्या टँकरची वाट जास्त बघत होते. हेमावतीचा थोरला भाऊ गुरुबसप्पा गिरणीत माग चालवायचा. त्याने भाड्याचा लाउडस्पीकर आणला होता. दुपारी अडीच वाजता त्याने सनईची रेकॉर्ड थांबवली, माइक उचलला आणि शिवलिंगप्पा टेलरच्या ट्रान्झिस्टरपुढे धरला. रविवारचा इंग्रजी फर्माइशीचा कार्यक्रम लागला होता. मांडवात एक गोरा माणूस गिटार बडवत बोंबलायला लागला.

"कुणाचं पोट दुखतंय रे?" नवऱ्यामुलाच्या मामाने विचारलं.

"मामा, पूर आलाय त्याच्या गावाला. छपरावर बसून हाका मारतोय," गुरुबसप्पा म्हणाला.

"पूर? मग त्याला म्हणावं, दोन घागरी हिकडं पाठव की!"

सगळा मांडव हसला. गुरुबसप्पाची आई मायाक्का तेवढी चिडली. पण गुरुबसप्पाने गाणं संपेपर्यंत माइक हलवला नाही. पुढे त्याच्या दोस्ताला, निंगप्पाला, तो आठवला की असाच आठवायचा, हात लांब केलेला, घामाने थबथबलेला.

निंगप्पा त्याच्याच खात्यात, शेजारच्या मागावर. त्या गाण्याने चार माणसांना वेड लावलं होतं. हे दोघे, शिवलिंगप्पा टेलर आणि जकात नाक्यावरचा कारकून आबासाहेब. दर रविवारी टेलरच्या दुकानात बसायचं आणि गाणं लागलं तर ऐकायचं, नाही लागलं तर त्यावर भांडायचं.

"ढोलवाला खरा. बाकी सगळी कापूसकोंड्याची गोष्ट," शिवलिंगप्पा म्हणायचा.

"ढोल कसला? तो आपला मागच हाय," निंगप्पा म्हणायचा. "डोळे मिट आन् ऐक. खात्यात गेल्यासारखं वाटतंय का न्हाय?"

आबासाहेबाला इंग्रजी येत होतं. तो म्हणायचा, "अरे, शब्द बघा. आख्खा गाव पळून गेलाय. ह्यो एकटा राहिलाय. एकेकाचं नाव घेऊन हाका मारतोय."

"आन् वो कोण देतंय?"

"कुणीच न्हाय."

गुरुबसप्पा या वादात पडायचा नाही. तो म्हणायचा, "शेवटी त्याचा आवाज फाटतो बघा. तितं तो गात न्हाय. तितं त्याला खरंच कुणीतरी पायजे असतंय."

कार्यक्रमाला कार्ड निंगप्पा लिहायचा. सातवी शिकलेला, इंग्रजी अक्षरं वळणदार. गाण्याचं नाव लिहायचं आणि खाली आवडणाऱ्यांची नावं. ती नावं रेडिओवरची बाई वाचायची. एकदा वाचलीही होती, तेव्हा गुरुबसप्पा नेमका पाळीवर होता. तो आला तेव्हा बाकीचे तिघे दुकानात नाचत होते.

दिवाळीनंतर गुरुबसप्पाच्या खोकल्यात रक्त पडलं. दोन महिने दवाखान्यात ठेवलं आणि मग घरी न्यायला सांगितलं. घरी का न्यायचं हे मायाक्काला कुणी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. उघड्या अंगाने तो बाजेवर पडायचा, तेव्हा फासळ्या लांबून मोजता यायच्या.

जानेवारीत तो निंगप्पाला म्हणाला, "एक कार्ड टाक. ह्या खेपेला माझं नाव वर घाल."

"घालतो की."

"पयलं. मला एकदा ऐकायचंय. त्या बाईच्या तोंडनं. मग काय का हुईना."

"पयलं म्हणजे पयलं, गुरू. शप्पत."

निंगप्पाने कार्ड घेतलं आणि खरोखर गुरुबसप्पाचं नाव वर लिहिलं. मग थांबला. अक्कलकोटला त्याचं लग्न ठरत होतं. मुलीकडच्यांनी नवा रेडिओ घेतला होता, आणि रविवारी ऐकत जा, माझं नाव येतं, असं तो त्यांना सांगून आला होता. त्याने ते कार्ड फाडलं आणि दुसऱ्यावर आपलं नाव पहिलं घातलं. मग शिवलिंगप्पा, आबासाहेब, आबासाहेबाचे दोन मेहुणे. गुरुबसप्पा राहिला तो सगळ्यात खाली. वाचतील सगळीच, असं त्याने मनाला सांगितलं. मागच्या वेळी वाचली होतीच की.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला, रविवारी, तिघे ट्रान्झिस्टर घेऊन गुरुबसप्पाच्या घरी गेले. शिवलिंगप्पाने तो उशीजवळ ठेवला. मायाक्का चुलीपाशी बसली. तीन गाणी झाली, चौथ्याला बाईने पुराच्या गाण्याचं नाव घेतलं. गुरुबसप्पाने हाताने सगळ्यांना गप्प केलं.

बाईने वाचलं, निंगप्पा, शिवलिंगप्पा, आबासाहेब, अँड देअर फ्रेंड्स फ्रॉम शोलापूर. आणि गिटार वाजू लागली.

ते गाणं एवढं लांब असेल असं निंगप्पाला कधी वाटलं नव्हतं. शेवटी आवाज फाटतो तिथे गाणं आलं, तेव्हा गुरुबसप्पा खोकत होता, त्यामुळे तो भाग त्याला ऐकूच आला नाही.

"फ्रेंड्स," खोकला थांबल्यावर तो म्हणाला. "म्हंजे मी."

"तिला तुझं नाव वाचता आलं नसंल," निंगप्पा म्हणाला. "लांबलचक हाय की."

"कितव्या नंबराला लिवलं हुतंस?"

शिवलिंगप्पाने मान वळवली. आबासाहेब चपला शोधायला लागला.

"पयल्या," निंगप्पा म्हणाला.

गुरुबसप्पा म्हणाला, "अक्कलकोटच्यांनी ऐकलं असंल न्हाय तुझं?" आणि भिंतीकडे तोंड केलं.

निंगप्पाने दुसऱ्या दिवशी नवीन कार्ड टाकलं. त्यावर एकच नाव होतं. त्याचं पुढे काय झालं कुणालाच कळलं नाही. बाईने ते कधी वाचलं नाही.

माती देऊन लोक परत आले तेव्हा मायाक्का दारात बसली होती. येईल त्याला ती एकच सांगत होती. "माझ्या लेकाचं नाव पयलं हुतं. ह्या निंगप्पानं सोताच्या हातानं पयलं लिवलं हुतं. त्या रेडिओवालीनं गाळलं. तिचं तळपट हुईल. इचारा ह्याला, हितंच हाय. सांग की रं, पयलं हुतं का न्हाय?"

सगळे निंगप्पाकडे बघत होते.

"व्हय, अव्वा," तो म्हणाला. "पयलं हुतं."

मायाक्काने त्याचा हात धरला आणि सोडलाच नाही.

गुरुबसप्पा चनबसप्पा हत्तुरे, वय सत्तावीस, बुधवारी, वीस फेब्रुवारी एकोणीसशे चौऱ्याहत्तर रोजी सकाळी वारला.