बिनमिशांची मादी

मासळीबाजारात तीस वर्षं मासे विकलेल्या तुळसाला तिच्या मुलाने, राकेशने, मासे निवडायला शिकवावं, म्हणजे अतीच झालं. राकेशच्या काचेच्या टाकीत एंजल, गप्पी सगळे एकत्र नांदत होते. तळाशी राहणाऱ्या सकर माशांची पिल्लं मात्र दोन वर्षांत झाली नव्हती. दर खेपेला तो काटेरी मिशांचे दोन रुबाबदार सकर घेऊन यायचा.

"मेल्या, दोघांचीही पोटं सपाट! दोन्ही नरच आणलेस," म्हणत तुळसा स्वतः त्याला घेऊन शोभेच्या माशांच्या दुकानात गेली. एक मिशाळ घेतला आणि दुसरा बिनमिशांचा, मळकट, रुंद पोटाचा दाखवला.

"आये, ही खायची मासळी नव्हे," राकेश ओशाळला.

"पोटात अंड्यांची गाबोळी धरली की कुठलीही मासळी मला कळते."

घरी तिने भोक पाडलेली करवंटी टाकीत पालथी घातली. पंधरवड्यात मादीने तिच्यात अंडी घातली आणि मिशाळ बाप दारात ठाण मांडून बसला. एंजल जवळ आला की तो त्याला ढुशी देऊन पिटाळायचा. एका सकाळी तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं काचभर चिकटली होती!

पिल्लांची बातमी ऐकून रविवारी दुकानदारच बादलीभर सकर घेऊन दारात उभा राहिला. "मावशी, यातल्या माद्या तेवढ्या निवडून द्याल?"

तुळसाने पदर खोचला. "राकेश, बसायला पाट आण. आणि तूही बस इथे. आज नीट बघून घे, मी पुन्हा शिकवणार नाही."