एकशे बारा हात

व्हर्मॉन्टच्या त्या डोंगरी गावात मार्चमधली गावसभा भरली, जेवणासाठी शिजणाऱ्या बीन्सचा वास सभागृहात दरवळला, की एल्मिनाबाईंना हटकून वडील आठवत. वडील तिथे वीस वर्षं सभापती होते.

साठ वर्षांपूर्वी पिकार्ड नावाच्या कटकट्या माणसाने पेपरात गावाची लक्तरं वेशीवर टांगली होती, त्यातही सभापतींची जास्तच. चिडलेल्या गावाने ठराव आणला की यापुढे पिकार्डने सभेत तोंड उघडायचं नाही. एकशे बारा हात वर गेले. विरोधात एकटा पिकार्ड.

वडिलांनी एकेक हात मोजला आणि हातोडा आपटला. "ठराव रद्द!"

"अहो, गाव मोठं की तुम्ही?" मागून कुणीतरी ओरडलं.

"गावच मोठं. रस्ता कुठून न्यायचा ते हात वर करून ठरवा, मी मान तुकवीन. पण कुणाचं तोंड बांधायचं, हे हातांवर सोडलेलंच नाही. राज्यघटना आहे ना त्याला! बोल, पिकार्ड."

पिकार्ड अर्धा तास वडिलांनाच झोडत राहिला. त्याच दुपारी गावाने हात वर करून सभापती बदलला. वडिलांनी मान तुकवली.

आज गावची शाळा बंद करायला सगळे तयार होते. एल्मिनाबाई एकट्याच विरोधात उठल्या.

"झालं! आता ही म्हातारी बसतेय होय!" मागून कुणीतरी ओरडलं.

तरुण सभापतीने हातोडा आपटला. "बोला, आजी."

एल्मिनाबाईंची नजर त्याच्या हातोड्यावर गेली. त्या एकशे बारा हातांत एक त्यांचा होता. मोजताना वडिलांचं बोट त्याच्यापाशी क्षणभर थांबलं होतं.